आजीच्या डब्यातला 1911 चा रुपया इंदूरच्या सराफ्यात वजनावर द्यावा का?

नका देऊ. वजनावरचा भाव म्हणजे नुसती चांदी: 11.66 ग्रॅम, त्यात 91.7 टक्के. पण पंचम जॉर्जचा 1911 चा रुपया वेगळाच. राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून लोक बिथरले, बरीच नाणी वितळवली गेली, आणि 1912 पासून हत्ती नीट कोरला.

नकली फार, म्हणून आधी वजन करा. मग भिंगातून तो हत्ती, मुकुट आणि दाढीचे केस बघा. गुळगुळीत झाले असतील, किंवा कडेला कडी लावल्याचा डाग असेल, तर किंमत बरीच उतरते. आणि हात जोडून सांगतो, चिंचेनं घासू नका! काळसर झाक गेली की जाणकार संग्राहक पाठ फिरवतो.

भावासाठी तितकाच झिजलेला 1911 चा रुपया लिलावात प्रत्यक्ष कितीला गेला ते पाहा. मागितलेली किंमत धरू नका.