२एच₂ओ मधल्या मोठ्या २ चा आणि छोट्या २ चा अर्थ वेगळा का?

तुमचा प्रश्न असा, की पाण्याच्या समीकरणात २ एकदा पुढे मोठा आणि एकदा खाली छोटा का येतो, आणि समीकरण संतुलित करताना खालचा आकडा बदलला की उत्तर चूक का ठरतं. मी बरीच वर्षं रसायनशास्त्र शिकवतोय. एवढी एक गाठ न सुटल्यामुळे विषयाचाच धसका घेतलेली मुलं मी पाहिली आहेत, म्हणून सावकाश सांगतो.

छोटा आकडा रेणूच्या आतला. तो त्याच्या लगेच डावीकडच्या अणूपुरताच असतो. एच₂ओ म्हणजे हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक. १ लिहायची पद्धत नाही. मोठा आकडा अख्खे रेणू मोजतो. २एच₂ओ म्हणजे पाण्याचे दोन रेणू, त्यात हायड्रोजनचे चार अणू आणि ऑक्सिजनचे दोन.

आता तुम्ही अडलात ती जागा:

एच₂ + ओ₂ → एच₂ओ

डावीकडे ऑक्सिजनचे दोन अणू, उजवीकडे एक. उजव्या ओ खाली २ लिहिला की मोजणी जुळते खरी, पण कागदावर उरतं एच₂ओ₂. हे पाणी नव्हे, हायड्रोजन पेरॉक्साइड! याचं तीव्र द्रावण कातडीवर सांडलं तर भाजतं. म्हणजे आकडे जुळले आणि पदार्थच बदलला. कोणता अणू किती अणूंना धरून ठेवणार हे त्याच्या संयुजेवर ठरतं, ते आपल्याला बदलता येत नाही. आपल्या हातात फक्त पुढचे आकडे:

२एच₂ + ओ₂ → २एच₂ओ

हे २:१:२ प्रमाण रेणूंचं आहे, ग्रॅमचं नाही. इथे फार जण फसतात. वजनात बघितलं तर ४ ग्रॅम हायड्रोजनला ३२ ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि ३६ ग्रॅम पाणी होतं.

कंसाबाहेरचा छोटा आकडा कंसातल्या सगळ्यांना लागू होतो: सीए(ओएच)₂ मध्ये (सीए म्हणजे कॅल्शियम) ऑक्सिजन दोन, हायड्रोजनही दोन. मोरचुदाच्या, म्हणजे निळ्या कॉपर सल्फेटच्या, सूत्रात शेवटी ठिपका देऊन ५एच₂ओ लिहितात, ते स्फटिकात अडकलेले पाण्याचे पाच रेणू. निळा खडा परीक्षानळीत तापवला की नळीच्या तोंडाशी पाण्याचे थेंब जमतात आणि खडा पांढरा पडतो. थंड झाल्यावर थेंबभर पाणी टाका, निळा रंग परत येतो. सूत्रातला तो ५ असा डोळ्यांनी दिसतो, म्हणून हा प्रयोग मला फार आवडतो.

आकडा वर, चिन्हासोबत असेल (२+, २−), तर तो आयनावरचा, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूवरचा किंवा अणुगटावरचा, प्रभार.

सराव करताना प्रत्येक सूत्राभोवती पेन्सिलने चौकट काढा आणि चौकटीच्या आत काहीही खोडू नका. सीएच₄ + ओ₂ → सीओ₂ + एच₂ओ हे घ्या. आधी कार्बन, मग हायड्रोजन, ऑक्सिजन सगळ्यात शेवटी. चौकटींच्या पुढे डावीकडून १, २, १, २ आले की बरोबर.