ग्रामरचे मार्क पूर्ण, पण निबंधात चुका

प्रश्न: ताई, मुलगा सातवीत आहे, मराठी मीडियम. गाळलेल्या जागा सगळ्या बरोबर भरतो पण स्वतःचं काही लिहायला घेतलं की 'ही गो टू स्कूल' लिहितो. अजून एक वर्कबुक आणू का?

उत्तर: नका आणू हो! गाळलेल्या जागेत काय भरायचं ते वरच लिहिलेलं असतं, त्याला ठरवावं लागतच नाही. आपल्याकडे २००० पासून मराठी शाळेत पहिलीपासून इंग्लिश आहे, तरी मुलं स्वतःहून वाक्य फार कमी लिहितात आणि खरी अडचण तिथेच आहे असं मला मनापासून वाटतं. रोज पाचच वाक्यं लिहायला सांगा, घरातलीच, आई काय करते, आजोबा काय करतात, म्हणजे 'ही', 'शी' आपोआप येतं आणि क्रियापदाला 'एस' लावायची सवय लागते. चूक दिसली की लगेच खोडू नका, नुसती खाली रेघ मारा, त्याला शोधू दे.

'अ' आणि 'अ‍ॅन' मध्येही गडबड होत असेल तर स्पेलिंग बघू नको, मोठ्याने म्हण असं सांगा. 'अवर' एचने सुरू होतो पण कानाला स्वर येतो म्हणून 'अ‍ॅन अवर', आणि 'युनिव्हर्सिटी' यूने सुरू होते पण ऐकू येतो 'य', म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'.

फुलस्टॉप, कॉमाचंही तसंच, त्याचंच वाक्य त्याला वाचायला लावा, जिथे वाक्य संपून थांबतो तिथे टिंब. नवीन शब्दांची मात्र यादी पाठ करून घेऊ नका, दिवसाला दोन शब्द त्याच पाच वाक्यांत वापरले तरी खूप झाले.