जुनी फॅक्टरी, परवडणारी घरं: गणित जमतं का?

प्रश्न: आमच्या भागातली हेरिटेज यादीतली कापडाची जुनी फॅक्टरी बंद पडून आहे, तिथे कमी भाड्याची घरं करायची चर्चा चाललीये. इमारत आयती उभी आहे तर खर्च कमीच यायला हवा ना?

उत्तर: आयती आहे, दणकटपण आहे, मशीनचं वजन पेलायला बांधलेले मजले असतात त्यामुळे ते टेन्शन सहसा नसतं, पण स्वस्तात होईल असं अजिबात धरून चालू नका. खरी गोची उजेडाची. खिडक्या कितीही मोठ्या असल्या तरी हॉल इतका रुंद असतो की मधल्या भागात भरदुपारी लाइट लावावी लागते, मग खोल्या खिडक्यांकडे आणि बाथरूम, लिफ्ट, जिना मधे असा प्लॅन करतात, कधी मधला स्लॅब कापून चौकच काढतात, आता त्याला हेरिटेजवाले लगेच हो म्हणतील असं काही नाही. शिवाय लाकडी फरशीत मुरलेलं तेल, शिशाचा रंग, पाइपांवरचं अ‍ॅस्बेस्टॉस (उष्णता अडवायला गुंडाळलेलं तंतूंचं आवरण), हे सगळं तब्येतीला घातक, त्याची तपासणी प्लॅन काढायच्या आधीच करून घ्या, बजेट फुटतं ते बहुतेकदा इथेच.

पैशाचं म्हणाल तर नुसत्या भाड्यातून हे निघत नाही. अमेरिकेत दुरुस्तीच्या पात्र खर्चाच्या 20 टक्के हेरिटेज टॅक्स क्रेडिट, म्हणजे भरायच्या करातून थेट तेवढी सूट, मिळतं आणि 1986 पासूनचं कमी उत्पन्नवाल्यांच्या घरांचं क्रेडिटही त्याला जोडता येतं. तुमच्याकडे काय सवलती आहेत ते बघा आणि भाडं किती वर्षं कमी राहणार हे करारात लिहून घ्या, नाहीतर पुढे हीच घरं ‘लॉफ्ट’, म्हणजे उंच छताचे मोकळे फ्लॅट, म्हणून चढ्या भावात जातात.