हिशेब विचारणं म्हणजे संशय घेणं का?

प्रश्न: मी एका स्वयंसेवी संस्थेची नुकतीच खजिनदार झाले आहे. आमचे हिशेबनीस फार जुने आहेत. चेक तेच लिहितात, वहीत नोंदी तेच करतात आणि बँकेचा ताळमेळही तेच लावतात. मी बँकेचं स्टेटमेंट बघायला मागितलं, तर अध्यक्ष म्हणाले, "इतक्या वर्षांचा माणूस आहे, त्यांच्यावर संशय घेताय का?" ताई, मी काय करू?

उत्तर: स्टेटमेंट मागत राहा. अध्यक्षांना शांतपणे सांगा, की ही मागणी हिशेबनिसांच्याही भल्याची आहे. तिन्ही कामं एकाच माणसाच्या हातात असली आणि उद्या कुणी त्याच्याकडे बोट दाखवलं, तर निर्दोष असूनही तो ते सिद्ध कसं करणार? मी आयुष्यभर हिशेब तपासले. प्रामाणिक माणसाला असं एकटं सोडणं मला फार अन्यायाचं वाटतं.

बेरिंग्ज बँकेचं उदाहरण अध्यक्षांना जरूर सांगा. लंडनची ही बँक १७६२ पासूनची. तिच्या सिंगापूरच्या कार्यालयात निक लीसन सौदे करायचा आणि त्या सौद्यांची नोंद नि पूर्तता बघणारा विभागही त्याच्याच हाताखाली होता. तोटा तो ८८८८८ क्रमांकाच्या खात्यात लपवत गेला. ही दोन्ही कामं एकाच माणसाकडे असल्याचं बँकेच्याच अंतर्गत तपासनिसांनी १९९४ मध्ये लेखी कळवलं होतं. कुणी हललं नाही. फेब्रुवारी १९९५ मध्ये बँक बुडाली तेव्हा तोटा ८० कोटी पौंडांच्या वर गेला होता. पुढे आयएनजी या डच समूहाने ती एका पौंडाला विकत घेतली. धोका कागदावर आला होता, पण तो कागद वाचून निर्णय घेणं ज्यांचं काम होतं त्यांनी ते केलं नाही. नेतृत्व कमी पडलं ते इथे.

आता तुमच्या टेबलाकडे येऊ. स्टेटमेंट हिशेबनिसांनी छापून दिलेलं नको, ते बँकेकडून थेट तुमच्याकडे यायला हवं. नुसतं बघता येईल, व्यवहार करता येणार नाहीत, असं नेट बँकिंग मिळत असेल तर आणखी चांगलं. वायरकार्ड या जर्मन कंपनीच्या ताळेबंदात १.९ अब्ज युरो होते आणि ते बँकांत असल्याचे कागदही होते. जून २०२० मध्ये लेखापरीक्षकांनी सही नाकारली आणि ते पैसे बहुधा नाहीतच, हे कंपनीला कबूल करावं लागलं. म्हणून शिल्लक किती आहे हे ज्याच्याकडे पैसे ठेवले आहेत त्याच्याच तोंडून ऐकायचं.

मग ताळमेळाचा कागद समोर घ्या. वर वहीप्रमाणे शिल्लक असते, खाली बँकेप्रमाणे शिल्लक, आणि मध्ये फरकाची यादी. सगळं लक्ष त्या यादीवर ठेवा. दिलेला चेक समोरच्याने उशिरा भरला तर तो काही आठवडे यादीत राहू शकतो. पण "वहीत जमा, बँकेत अजून नाही" अशी रक्कम दोन-चार दिवसांत बँकेत दिसलीच पाहिजे. तीच रक्कम पुढच्या महिन्यातही तिथेच असेल, किंवा ती गेली आणि तिच्या जागी जवळपास तेवढीच दुसरी आली, तर थांबा. आलेले पैसे आधी कुठेतरी वळवायचे आणि नंतर आलेल्या पैशांनी ते भोक बुजवायचं, हा प्रकार फार जुना आहे. त्याची खूण याच दोन ओळींत सापडते. पावतीपुस्तक मागवा आणि पावतीची तारीख बँकेतल्या तारखेशी लावून बघा.

कामाची वाटणी करायला मोठा स्टाफ लागत नाही. चेक हिशेबनिसांनी लिहावा, मूळ बिल बघून दुसऱ्या दोघांनी सही करावी आणि सहीचा अधिकार नसलेल्या कुणीतरी ताळमेळ तपासून त्यावर तारीख घालावी. कोऱ्या चेकवर आगाऊ सही कधीच करू नका, मग कुणी कितीही घाईत असो. शिवाय हिशेबनिसांना वर्षातून एकदा सलग दोन आठवडे रजा द्या आणि त्या काळात त्यांचं काम दुसऱ्याकडून करून घ्या. अनेक बँका अशी सक्तीची रजा देतात, कारण रोज झाकावी लागणारी गडबड झाकणारा नसला की वर येते. आणि गडबड नसली, तर इतकी वर्षं राबलेल्या माणसाला हक्काची विश्रांती मिळते. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा हे दुसरंच होतं.

प्रश्न: आमच्या संस्थेला इमारतीसाठी मिळालेली मोठी देणगी बँकेत पडून आहे आणि इकडे पगाराला पैसे नाहीत. तात्पुरते त्यातून घेऊन नंतर भरले तर चालेल का? कार्यकारिणीत सगळे हो म्हणतात.

उत्तर: देणगीदाराची लेखी परवानगी नसेल तर नाही. कार्यकारिणी एकमताने हो म्हणाली तरी नाही.

बँकेत १०० आहेत आणि त्यातले ७० इमारतीचे आहेत, तर पगारासाठी तुमच्याजवळ ३० आहेत. तुमच्या अहवालात मात्र १०० हा एकच आकडा येत असणार, म्हणून सगळ्यांना पैसे पडून असल्यासारखं वाटतं. पुढच्या बैठकीपासून दोन रकाने करा: एकात ठरावीक कामासाठी मिळालेले पैसे, दुसऱ्यात संस्थेला कशासाठीही वापरता येणारे. दुसऱ्या रकान्याखाली पुढच्या १३ आठवड्यांचा अंदाज मांडा, कोणत्या आठवड्यात किती येणार आणि किती जाणार. मंजूर झालेलं अनुदान प्रत्यक्ष हातात पडेपर्यंत त्यात धरू नका. नफ्यावर चालणाऱ्या धंद्यालाही हाच तक्ता लागतो. विक्री झाली की नफा दिसतो, पण उधारी वसूल होईपर्यंत पगार त्या नफ्यातून होत नाहीत.

मुलांसाठी काम करणारी ब्रिटनमधली किड्स कंपनी ही नावाजलेली संस्था ऑगस्ट २०१५ मध्ये एकाएकी बंद पडली. मागणी वाढत होती, खर्च वाढत होता आणि गाठीला राखीव निधी जवळजवळ नव्हता. तिच्या विश्वस्तांना अपात्र ठरवावं अशी मागणी झाली, ती न्यायालयाने २०२१ मध्ये फेटाळली. त्यांच्या हेतूबद्दल मलाही शंका नाही. पण त्या दाराशी येणाऱ्या मुलांना एका दिवसात दार बंद दिसलं, हे मनातून जात नाही. म्हणून देणगीदारांना स्पष्ट सांगा, की काही महिन्यांच्या खर्चाइतका निधी आम्ही बाजूला ठेवणार आहोत, आणि का ठेवणार तेही सांगा. आणि आजच्या पगारासाठी त्या इमारतीच्या देणगीदाराला आजच फोन करा. खरी अडचण वेळेवर कळली तर पुष्कळ देणगीदार मार्ग काढतात. परस्पर खर्च झाल्याचं मागाहून कळलं, तर कुणीच दुसऱ्यांदा देत नाही.

प्रश्न: आमच्या कंपनीच्या एका संचालकाच्या भावाची फर्म आम्हाला सर्वांत कमी दरात माल देते. त्यात गैर काय?

उत्तर: कदाचित काहीच नाही, पण ते दिसायला हवं. त्या संचालकाने नातं लेखी कळवावं आणि विषय निघेल तेव्हा बैठकीतून बाहेर जावं. उरलेल्यांनी निदान तीन दरपत्रकं बघून ठरवावं आणि हे सगळं इतिवृत्तात यावं. दर वर्षी पुन्हा तपासा, कारण पहिल्या वर्षीचा कमी दर तसाच राहतो असं नाही.

एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीच्या संचालक मंडळात अडाणी कुणी नव्हतं. त्यांच्या लेखापरीक्षण समितीचा अध्यक्ष तर हिशेबशास्त्राचा प्राध्यापक होता. तरीही १९९९ मध्ये मंडळाने स्वतःची आचारसंहिता बाजूला ठेवून वित्तप्रमुख अँड्र्यू फास्टो यांना कंपनीशीच व्यवहार करणारे फंड चालवू दिले. डिसेंबर २००१ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. तुमचा व्यवहार त्यापुढे किरकोळ असेल, पण "या एका वेळी नियम राहू दे" असं बैठकीत कुणी म्हणालं, तर त्या माणसाचं नाव आणि कारण इतिवृत्तात लिहायला सांगा.