पिल्लू मजेत खेळतंय, तरी पीडीएचं ऑपरेशन आत्ताच करायचं का?

पीडीए (हृदयालगतची, जन्मानंतर न मिटलेली नळी) असलेली पाच महिन्यांची पोमेरेनियन कुत्री घरभर हुंदडते, पोटभर खाते, मग वर्षाची होईपर्यंत ऑपरेशन लांबवलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. मी पशुवैद्य आहे आणि माझं उत्तर आहे: लांबवू नका. मात्र इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला नसेल तर आधी तो करून घ्या.

पोटात असताना पिल्लाची फुप्फुसं काम करत नाहीत, म्हणून महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांच्यात एक आखूड नळी असते. जन्मानंतर थोड्याच दिवसांत ती मिटते. तुमच्या पिल्लाची मिटली नाही. त्यामुळे शरीराकडे निघालेलं बरंचसं रक्त परत फुप्फुसांत शिरतं आणि हृदयाच्या डाव्या बाजूला तीच हमाली पुन्हा करावी लागते. हळूहळू डावा कप्पा ताणतो, झडप गळू लागते, शेवटी फुप्फुसांत पाणी साठतं. उपचार न झालेल्या निम्म्याहून अधिक कुत्र्यांना एक वर्षसुद्धा मिळत नाही. आज ती खेळतेय म्हणूनच भूल झेपण्याची शक्यताही आज चांगली आहे.

ऑपरेशनमध्ये छाती डावीकडून, चौथ्या-पाचव्या बरगडीच्या मधून उघडतात आणि नळी रेशमी धाग्याने दोन ठिकाणी बांधतात. आधी महाधमनीकडची गाठ, तीही सावकाश, कारण ती आवळताना हृदयाचे ठोके एकदम मंदावू शकतात. खरी जोखीम नळीच्या मागच्या बाजूला. ती बाजू दिसत नाही, भिंत नाजूक असते, सोडवताना फाटली तर रक्तस्राव आवरणं कठीण. म्हणून सर्जनला बिनधास्त विचारा, अशा किती केल्यात? चांगला सर्जन रागावणार नाही. (माणसांतही हेच करतात. बोस्टनमध्ये रॉबर्ट ग्रॉस यांनी 1938 साली एका लहान मुलीची नळी अशीच बांधली होती.)

मांडीच्या धमनीतून जाळीचं बूच बसवण्याचीही पद्धत आहे, छाती उघडावी लागत नाही. पण तीन किलोच्या आतल्या कुत्र्यात ती धमनी बहुधा फार बारीक पडते, त्यामुळे पोमेरेनियनसाठी अनेकदा छाती उघडून नळी बांधणंच बरं.

आता इको आधी का करायचा त्याबद्दल. काही पिल्लांत फुप्फुसांतला दाब इतका वाढतो की नळीतला प्रवाह उलटतो. हिरड्या गुलाबी, पण मागच्या भागाची त्वचा निळसर दिसते. अशा वेळी नळी बांधली तर पिल्लू दगावू शकतं. तिथे ऑपरेशन नाहीच, औषधांवर ठेवतात.

हा दोष आनुवंशिक असतो. तिची पिल्लं घेऊ नका, आणि जिथून आणलीत त्यांना कळवा, म्हणजे तिच्या भावंडांच्या छातीलाही कुणीतरी स्टेथोस्कोप लावेल.