नवा मिडी कीबोर्ड घेतलायस ना, मग आधी हे वाच

सगळ्यात आधी, आवाज येत नाही म्हणून दुकानात परत न्यायला निघू नकोस, त्या डब्यात आवाज नसतोच रे, तो फक्त कुठली पट्टी किती जोरात दाबली एवढंच कॉम्प्युटरला सांगतो, आवाज सॉफ्टवेअरमधून येतो. यूएसबी लाव, डॉमध्ये (DAW, म्हणजे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) सेटिंगला जाऊन मिडी इनपुट चालू कर, ट्रॅकवर एखादा पियानो टाक आणि ट्रॅक आर्म कर, म्हणजे रेकॉर्डिंगसाठी तयार ठेव. नव्वद टक्के लोक आर्म करायलाच विसरतात, मी पण.

पट्टी दाबल्यावर सूर उशिरा येतोय? डॉच्या ऑडिओ सेटिंगमध्ये बफर बघ, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचा किती तुकडा साठवून पुढे पाठवतो तो आकडा. ५१२ असेल तर १२८ वर आण, विंडोजवर असशील तर आसिओ (ASIO, हा उशीर कमी करणारा) ड्रायव्हर टाक. फार कमी केलास तर मात्र आवाज फाटतो, कडकड येते.

२५ पट्ट्यांचा असेल तर ऑक्टेव्हची (सप्तक वर-खाली करायची) बटणं सारखी लागतील. ट्रान्सपोज वेगळं हां, ते एकेका अर्ध्या सुराने सरकवतं! पेटीवाल्यांना तर ते वरदानच, हात पांढरी एकचाच ठेवायचा, +३ केलं की गाणारा काळी दोनमध्ये. फक्त नंतर शून्यावर आण, मी एकदा विसरलो आणि अर्धा तास रेकॉर्डिंग बेसूर का वाटतंय म्हणून स्पीकरला शिव्या देत बसलो.

नॉब जोडायला सॉफ्टवेअरमध्ये मिडी लर्न दाबायचं, स्क्रीनवरचा फिल्टर निवडायचा, हातातला नॉब फिरवायचा, झालं. प्रत्येक नॉबचा एक सीसी (कंट्रोल चेंज) नंबर असतो, व्हॅल्यू ० ते १२७, त्यातला १ मॉड व्हीलचा (सुरात थरथर वगैरे आणणारं चाक), ६४ सस्टेनचा (सूर लांबवणारं पेडल), ते दोन शक्यतो नॉबला देऊ नकोस.

आणि सस्टेन पेडल उलटं चालत असेल तर पाय काढून कीबोर्ड बंद-चालू कर, बहुतेक वेळा तेवढ्यानेच सुटतं.