वाचक विचारतात : ‘सिद्धेश्वर’ का फुटतो?

लग्नसराई आणि ऊन, दोन्हींच्या खुणा या महिन्याच्या प्रश्नांवर आहेत.

प्रश्न : बाळीवेशीत आमची लग्नपत्रिकांची छोटी प्रेस आहे. जुना मजकूर सगळा जुन्या फॉन्टमध्ये. गिऱ्हाईक म्हणतं, व्हॉट्सॲपवर पाठवा, घरच्यांना वाचून दाखवतो. कॉपी करून पाठवला की तिकडे एबीसीडीची खिचडी दिसते. फॉन्ट बदलून पाहिला, उपयोग नाही. उलट गिऱ्हाइकाने मोबाईलवर लिहिलेला मजकूर आमच्याकडे घेतला की ‘सिद्धेश्वर’ची वेलांटी भलतीकडे जाते आणि ‘द्ध’ फुटतो. काय करावं?

उत्तर : तुमच्या जुन्या फाईलमध्ये मराठी अक्षरं नाहीतच. आहेत ती इंग्रजी अक्षरं, त्यांना फॉन्टने मराठी कपडे चढवलेत. कृतिदेव या जुन्या फॉन्टचं उदाहरण घ्या. त्यात ‘सिद्धेश्वर’ लिहिलं की फाईलमध्ये साठतं ते असं : एफ, एल, उजवा कंस, एस, अवतरणचिन्ह, ओ, जे. एफच्या जागी वेलांटीचं चित्र, एलच्या जागी ‘स’, कंसाच्या जागी अख्खा ‘द्ध’. गिऱ्हाइकाच्या मोबाईलमध्ये तो फॉन्ट नसतो, त्यामुळे कपडे उतरतात आणि एफ-एल-कंस उघडे पडतात. श्रीलिपी किंवा इतर जुन्या फॉन्टची मांडणी निराळी, पण तऱ्हा हीच. मग मजकूर निवडून त्याला मंगल, नोटो असा नवा फॉन्ट लावला तरी फरक कसा पडणार? मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी चिन्हाला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत रूपांतरित करावा लागतो, आणि तोही ज्या फॉन्टमध्ये लिहिलाय त्याच फॉन्टच्या कन्व्हर्टरने. कृतिदेवचा कन्व्हर्टर श्रीलिपीच्या मजकुरावर चालवलात तर खिचडीची भेळ होईल, एवढंच.

युनिकोडमध्ये हाच शब्द उच्चाराच्या क्रमाने साठतो : स, वेलांटी, द, हलन्त, ध, मात्रा, श, हलन्त, व, र. मोजून दहा चिन्हं. वेलांटी दिसते ‘स’च्या आधी, साठते ‘स’च्या नंतर. रूपांतर करताना हा क्रम उलटवावा लागतो आणि कन्व्हर्टर घसरतात ते तिथेच. घसरण्याच्या जागा ठरलेल्या आहेत : जोडाक्षरावर ऱ्हस्व वेलांटी (‘स्थिती’, ‘निश्चित’), रफार आणि वेलांटी एकाच अक्षरावर (‘आर्थिक’), रफाराच्या डोक्यावर अनुस्वार (‘सर्वांना’), आणि ‘ऱ्य’. पत्रिकेत ‘आशीर्वाद’, ‘स्वर्गीय’, ‘सर्वांना’, ‘तिसऱ्या’ हे शब्द डोळ्यांनी तपासल्याशिवाय छपाईची प्लेट काढू नका. नावं तर दोनदा तपासा. वरपक्षाला व्याकरणातली चूक चालते, आडनावातली चालत नाही.

‘ऱ्य’चा घोळ खास मराठीचा. ‘दुसऱ्या’ला खाली टिंब असलेला ‘ऱ’ लागतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे दाबलं की तो येतो, मग हलन्तासाठी डी, मग ‘य’. पुष्कळ ठिकाणी मात्र साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालून तोच आकार काढलेला असतो. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. म्हणून सगळीकडे एकदम बदल करायचा हुकूम दिला तरी काही ‘दुसऱ्या’ जसेच्या तसे राहतात.

आता उलटा प्रश्न. मोबाईलवरून आलेला मजकूर चांगला युनिकोड आहे, तुमचं सॉफ्टवेअर तो नीट मांडत नाही. पेजमेकर वापरत असाल तर नाद सोडा, त्याला युनिकोड देवनागरी कळत नाही. इनडिझाइन असेल तर मजकूर निवडून पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून ‘अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ घ्या, वेलांटी तिथल्या तिथे जागेवर येईल. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली ‘मिडल ईस्टर्न अँड साऊथ एशियन’ निवडायचं आणि नवी फाईल उघडून पाहायचं. आधीपासून उघडी असलेली फाईल सुधारत नाही, आणि ‘सेटिंग केलं तरी होत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा त्यातूनच येते.

सगळा जुना साठा रूपांतरित करत बसू नका. गिऱ्हाइकाला नुसतं वाचून मान्यता द्यायची असेल तर पीडीएफ पाठवा. पीडीएफ करताना फॉन्ट आत बसवला की मोबाईलमध्ये फॉन्ट असण्या-नसण्याचा प्रश्नच उरत नाही. देवदेवतांचे श्लोक, निमंत्रणाचे ठरलेले मायने असा पुन्हा पुन्हा लागणारा मजकूर तेवढा एकदा युनिकोडमध्ये नीट करून ठेवा.

प्रश्न : आमचं अशोक चौकात चादरी आणि टॉवेलचं दुकान आहे. मोबाईलवर फोटो काढून बाहेरगावी पाठवतो. ‘फोटोत लाल होती, आली ती मरून’ म्हणून माल परत येतो. टॉवेलच्या फोटोवर लाटांसारखे पट्टेही दिसतात. चांगला कॅमेरा घ्यावा का?

उत्तर : कॅमेरा नको, दुकानातले दिवे बंद करा. दारातून येणारा उजेड निळसर, आतले दिवे पिवळसर. दोन्ही एकाच चादरीवर पडले की मोबाईलला पांढरं कुठलं तेच ठरवता येत नाही. सकाळी साडेआठ-नऊच्या सुमाराला सावलीच्या ओट्यावर चादर पसरा, थेट ऊन नको. फिल्टर आणि दृश्य ओळखून रंग खुलवणारी एआयची सोय बंद करा, ती लाल रंगाला हमखास चढवते. प्रत्येक रंगाच्या पहिल्या फोटोत कोपऱ्यात एक कोरा कागद ठेवा. नंतर रंग दुरुस्त करताना तो कागद पांढरा दिसेपर्यंत सरकपट्टी हलवायची आणि तेवढाच बदल बाकीच्या फोटोंना लावायचा.

मरूनची लाल होण्यामागे आणखी एक कारण आहे. चौकट गडद रंगाने भरली की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, आणि तो चित्र उजळतो. पांढऱ्या टॉवेलचं नेमकं उलट, ते राखाडी पडतात. म्हणून पडद्यावर बोट दाबून धरून फोकस पक्का करा आणि शेजारी दिसणारी सूर्याची खूण गडद चादरीला थोडी खाली, पांढऱ्या टॉवेलला थोडी वर न्या.

लाटा म्हणजे मालातला दोष नाही. विणीच्या बारीक ओळी आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरवरच्या ओळी एकमेकींवर पडून तिसरीच नक्षी तयार होते. मोबाईल दहा-पंधरा अंश तिरका धरा किंवा हातभर पुढे-मागे व्हा, ती जाते. फोटो मोठा करून पाहिल्यावर लाटा नाहीशा होत असतील तर दोष फोटोत नाही, पडद्यावर लहान करून दाखवण्यात आहे. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलात तर तो दाबला जातो. घाऊक गिऱ्हाइकाला डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मूळ फाईल जशीच्या तशी पोचते. एवढं करूनही समोरच्याच्या मोबाईलचा पडदा ‘व्हिविड’वर असेल तर रंग भडकच दिसणार. त्यावर इलाज तुमच्या हातात नाही. फोटोखाली रंगाचं नाव शब्दांत लिहा, ‘लाल’ एवढंच नको, ‘गडद मरून, काळ्याकडे झुकणारा’ असं.

प्रश्न : १०८ मेगापिक्सेलचा फोन घेतला, पण फोटो १२ मेगापिक्सेलचेच निघतात. फसवणूक झाली का? (विजापूर रोड)

उत्तर : नाही. त्या सेन्सरवर शेजारचे नऊ-नऊ ठिपके मिळून एक केला जातो, १०८ भागिले ९ म्हणजे १२. कमी उजेडात त्यानेच फोटो स्वच्छ येतो. पूर्ण १०८ साठी कॅमेऱ्यात वेगळा पर्याय असतो, तो दिवसाउजेडी मोठं पोस्टर छापायचं असेल तेव्हाच वापरा.

प्रश्न : आमच्या भागात पाणी दिवसाआड नाही, तीन-चार दिवसांआड येतं. वेळ गल्लीच्या ग्रुपवर येते, पण सुप्रभात, वाढदिवस आणि सुविचारांत ती बुडते. म्युट केलं तर पाणीच चुकतं. (जुळे सोलापूर)

उत्तर : सुविचार थांबवायला जाऊ नका, भांडणं होतात आणि सुविचार येतच राहतात. ॲडमिनला सांगून दुसरा ग्रुप काढा. नाव फक्त ‘पाणी’. ग्रुपच्या परवानग्यांमध्ये सदस्यांनी मेसेज पाठवणं बंद करा, दोन-तीन ॲडमिन ठेवा. मग जुना ग्रुप कायमचा म्युट, आणि ‘पाणी’ला वेगळी रिंगटोन.

मेसेज लिहिण्याचीही रीत हवी. ‘उद्या सकाळी पाणी’ हा मेसेज दुसऱ्या दिवशी कुणीतरी पुढे ढकलतो आणि गल्ली एक दिवस उशिरा हंडे मांडते. वार, तारीख, तास लिहा. व्हॉइस नोट नको, शोधून सापडत नाही. मेसेज पिन करताना व्हॉट्सॲप २४ तास, ७ दिवस आणि ३० दिवस असे तीन पर्याय देतं. २४ तासच घ्या, नाहीतर मागच्या पाळीची वेळ वर लटकत राहते. वेळ बदलली तर जुना मेसेज दुरुस्त करू नका. दुरुस्ती १५ मिनिटांत करता येते खरी, पण तिची घंटी वाजत नाही. नवा मेसेज टाका.

प्रश्न : दिवसभर डिलिव्हरीचं काम, मोबाईल गाडीच्या हँडलवर. एप्रिल लागला की चार्जिंग मध्येच थांबतं, फोन भट्टीसारखा तापतो. चार्जर खराब आहे का?

उत्तर : चार्जर नाही, सोलापूरचं ऊन. बॅटरी तापली की फोन स्वतःच चार्जिंग रोखतो, आणि ते बरंच आहे. ॲपल आपल्या फोनसाठी ० ते ३५ अंश सेल्सियस हवेचं तापमान सांगतं. आपल्याकडे उन्हाळ्यात सावलीतही पारा ४० ओलांडतो. त्यात काळं कव्हर, पूर्ण उजळलेला पडदा, सतत चालणारं जीपीएस आणि वर चार्जिंग, अशा चार शेगड्या एकदम पेटलेल्या.

लिथियमच्या बॅटरीला दोन गोष्टी एकत्र सोसत नाहीत, उष्णता आणि पूर्ण भरलेली अवस्था. म्हणून चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवा. सॅमसंगमध्ये ती बॅटरी प्रोटेक्शनमध्ये मिळते, आयफोनमध्ये १५ या मॉडेलपासून पुढे. रात्री घरी भरून घ्या. दुपारी लागलंच तर हॉटेलच्या सावलीत थांबून, कव्हर काढून, जलद चार्जिंग बंद करून पंधरा मिनिटं. रस्ता ओळखीचा असेल तर पडदा बंद ठेवून नकाशाचा नुसता आवाज कानाला लावा. तापलेला फोन फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका, आत दव धरतं. मागचं झाकण उचललेलं दिसलं, पडदा कडेने वर आला, तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंग त्या क्षणी बंद, दाबून बसवायचा प्रयत्न नको, टोचायचं तर मुळीच नाही.

हँडलवरच्या स्टँडबद्दल एक. ॲपलने २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलंय की मोटारसायकलच्या जोरदार थरथरीने कॅमेऱ्यातली भिंग स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते. मग फोटो कायम हलल्यासारखे येतात. रबर बसवलेला, धक्के शोषणारा स्टँड घ्या.

प्रश्न : वडिलांना ओळखीच्या नंबरवरून ‘लग्नपत्रिका’ आली. दाबली तर काहीच उघडलं नाही. दोन तासांनी खात्यातून पैसे जाऊ लागले. आता काय? (अक्कलकोट रोड)

उत्तर : ती पत्रिका नव्हती, एपीके होती, म्हणजे ॲप बसवणारी फाईल. ओळखीचा नंबर आधीच कुणीतरी ताब्यात घेतलेला असतो. हे ॲप एसएमएस वाचायची परवानगी घेतं आणि ओटीपी परस्पर पुढे पाठवतं.

आधी तो फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद झालंय ना ते बघा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून यूपीआय, नेट बँकिंग, कार्ड बंद करायला सांगा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे कळवल्यानंतर जे पैसे जातील ते बँकेच्या माथी, म्हणून कळवल्याची वेळ महत्त्वाची. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन. घरातल्यांशी चर्चा त्यानंतर.

मग फोनची सफाई. पॉवरच्या मेनूत ‘पॉवर ऑफ’वर बोट दाबून धरलं की बऱ्याच फोनमध्ये सेफ मोड येतो, म्हणजे बाहेरून बसवलेली ॲप बंद ठेवून फोन चालू होतो. त्यात सेटिंग्जमधली ॲपची यादी बघा. चित्र नसलेलं किंवा त्याच दिवशी बसलेलं ॲप शोधा. ‘अनइन्स्टॉल’ फिकं दिसत असेल तर त्या ॲपने डिव्हाइस ॲडमिन आणि ॲक्सेसिबिलिटीचे हक्क घेतलेत, ते आधी काढा. व्हॉट्सॲपच्या लिंक्ड डिव्हायसेसमधून सगळ्यांना बाहेर काढा. सिम चालू केल्यावर *#२१# लावून कॉल दुसरीकडे वळवलेत का पाहा, वळवलेले असतील तर ##००२# ने रद्द होतात. फोटो उतरवून घेऊन फॅक्टरी रीसेट केलात तर अधिक बरं. पासवर्ड मात्र दुसऱ्या फोनवरून बदला, याच फोनवरून बदललेत तर नवेही त्यांनाच कळतील.

वडिलांच्या फोनमध्ये आजच सेटिंग्ज, ॲप्स, स्पेशल ॲक्सेस, ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’ इथे जाऊन व्हॉट्सॲपपुढचं बटण बंद करा. खरी पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, ती उघडायला हे बटण लागत नाही.